जखम भरली, दुखणं राहिलं

जॉन बोनिका यांचे कान पाहून कुणी त्यांना डॉक्टर म्हटलं नसतं. पहिलवानांचे असतात तसे ते सुजून चुरगळलेले होते. १९१७ साली इटलीच्या फिलिकुदी या लहानशा बेटावर जन्मलेला हा मुलगा लहानपणीच न्यू यॉर्कला आला. वडील लवकर गेले. पुढे वैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च त्याने कुस्त्या मारून भागवला. ओळख लपवायला तोंडावर मुखवटा आणि आखाड्यातलं नाव ‘मास्क्ड मार्व्हल’.

दुसऱ्या महायुद्धात बोनिका अमेरिकेतल्या एका मोठ्या लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तिथे त्यांच्यापुढे चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. कुणाची गोळीची जखम कधीच भरली होती, पण हाताची आग थांबत नव्हती. कुणाचा पाय कापून टाकलेला होता आणि त्या नसलेल्या पायाची बोटं दुखत होती. पुस्तकांत उत्तर सापडेना, तेव्हा त्यांनी मज्जाविकारतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ अशा सहकाऱ्यांना एकत्र बसवून एकेका रुग्णाचा खल सुरू केला. १९५३ साली वेदनेवरच्या उपचारांचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. पुढे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी अनेक शाखांच्या डॉक्टरांचं एकत्रित वेदना-चिकित्सालय उभं केलं. १९७३ साली त्यांनी बोलावलेल्या बैठकीतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. या सगळ्या वर्षांत कुस्तीने मोडलेलं त्यांचं स्वतःचं अंग दुखतच होतं. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पण दुखणं त्यांच्यासोबत शेवटपर्यंत राहिलं.

बोनिका आयुष्यभर एक गोष्ट सांगत राहिले. दुखापत झाल्यावर लगेच होणारी वेदना हे लक्षण असतं; महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेली वेदना हा स्वतःच एक आजार असतो. कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी घेऊन घराघरांत वावरणाऱ्या माणसांना आपण जे सल्ले देतो, त्यांतले बरेचसे हा फरक लक्षात न घेतल्यामुळे फसतात.

इजा केवढी, दुखणं केवढं

जेवढी मोठी जखम तेवढं मोठं दुखणं, असं आपण गृहीत धरतो. हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर १९४४ साली इटलीत आंझिओच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी होऊन आलेल्या, पण पूर्ण शुद्धीवर असलेल्या सैनिकांना त्यांनी विचारलं, दुखणं थांबवायला काही देऊ का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हणून सांगितलं. त्यांच्या संवेदना बधिर झालेल्या नव्हत्या. इंजेक्शनची सुई कुणी नीट टोचली नाही तर हेच सैनिक इतरांसारखेच कळवळत. युद्धानंतर बीचर यांनी शस्त्रक्रिया झालेले साधे नागरिक पाहिले. त्यांच्या जखमा सैनिकांहून लहान होत्या, तरी मॉर्फिन मागणारे कितीतरी जास्त निघाले. बीचर यांनी लावलेला अर्थ असा, की सैनिकाला ती जखम म्हणजे मरणातून सुटका आणि घरी जाण्याचा परवाना होता; नागरिकाला तीच शस्त्रक्रिया संकट वाटत होती. जखमेचा अर्थ बदलला की वेदना बदलते.

हे कसं घडतं याचा आराखडा १९६५ साली मिळाला. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त मांडला. इजेची वर्दी देणारे मज्जातंतू दोन प्रकारचे असतात. एकांतून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने जातो, म्हणून ठेच लागताच झटकन कळ येते. दुसरे बारीक आणि मंद असतात, त्यांचा वेग सेकंदाला दोन मीटरही नसतो. मागाहून येणारा ठणका त्यांचा. स्पर्शाचे तंतू या दोन्हींहून जाड आणि वेगवान. हे सगळे संदेश मज्जारज्जूत पोचतात आणि तिथे त्यांची गाळणी होते. स्पर्शाचे संदेश जोरात आले तर वेदनेचे संदेश काही प्रमाणात अडतात. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो आणि बरं वाटतं, ते यामुळे. ही वाट उघडायची की लोटायची याचे हुकूम वरून मेंदूकडूनही येतात. भीती, लक्ष, आशा, जुने अनुभव या सगळ्यांचा त्या हुकमांत वाटा असतो.

या सिद्धान्ताचे बारकावे पुढे बरेच बदलले. पण वेदना जशीच्या तशी मेंदूपर्यंत जात नाही, वाटेत आणि मेंदूत ती घडवली जाते, हा गाभा टिकला. यावरून ‘दुखणं मनाचं आहे’ असा अर्थ मात्र काढू नये. मज्जारज्जूतली पेशी आणि तिच्यातली रसायनं हाडामांसाइतकीच शरीराचा भाग आहेत.

दुखणं मुरतं कसं

१९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरचे प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. इजेचे संदेश काही काळ सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशींची संवेदनशीलता वाढते, असं त्यांना दिसलं. मग थोड्याशा चेतनेलाही त्या मोठा प्रतिसाद देतात, आणि इजा झालेल्या जागेच्या आजूबाजूचा भागही दुखू लागतो. ताज्या जखमेच्या बाबतीत ही सोय उपयोगाची असते, कारण त्या भागाला आपण जपतो. जखम भरल्यावर ही वाढीव संवेदनशीलता उतरायला हवी. काही माणसांत ती उतरत नाही. मग चादरीचा स्पर्श खुपतो, पिशवी उचलली की दोन दिवस अंग ठणकतं, आणि एक्स-रेमध्ये काहीच सापडत नाही.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला डॉक्टर दीर्घकालीन वेदना म्हणतात. तिचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिल्यात इजा किंवा दाह खरोखरच चालू असतो. संधिवातात सांध्यांना सूज येत राहते तसा. दुसऱ्यात मज्जातंतूच बिघडलेले असतात. जुन्या मधुमेहात रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, ते हे. तिसऱ्यात ऊतकांची इजा दिसत नाही, तंतू तुटलेले दिसत नाहीत, तरी वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. फायब्रोमायल्जिया हे त्याचं ठळक उदाहरण. एकाच रुग्णात दोन-तीन प्रकार मिसळलेलेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान दिलं. ते वर्गीकरण २०१९ साली मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू झालं.

महाराष्ट्राला मुरलेल्या दुखण्याचा मोठा सामूहिक अनुभव चिकुनगुन्याने दिला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. त्यानंतर तीन दशकं तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली, आणि महाराष्ट्र सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांपैकी होता. ताप थोड्या दिवसांत उतरे. सांधे मात्र धरून राहत. सकाळी मूठ वळेना, जमिनीवरून उठवेना, भाकरी थापता येईना. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आराम पडला, पण काहींचं दुखणं महिनोन्‌महिने, कुणाचं वर्षाहूनही अधिक लांबलं. साथीच्या आकड्यांत हे रुग्ण बरे झालेले होते.

पाठदुखीत गोंधळ वेगळा असतो. एमआरआय काढला की अहवालात काहीतरी निघतंच. ‘मणक्यात गॅप आलीय’, ‘गादी सरकलीय’, ‘झीज झालीय’ हे शब्द कानावर पडले की माणूस हबकतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे अहवालातली झीज बऱ्याचदा केस पिकण्यासारखी वयानुसार आलेली असते, आणि ती दुखण्याचं कारण असेलच असं नाही.

काही खुणा मात्र कधीच अंगावर काढू नयेत. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, रोज संध्याकाळी ताप येणं, वजन उतरणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, यांतलं काहीही असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि तो वेळेवर सापडला तर औषधांनी बरा होतो.

झोप, ताण, भीती

मुरलेलं दुखणं पहिला घाला घालतं तो झोपेवर. दुखतं म्हणून झोप लागत नाही हे उघडच आहे. उलट दिशेनेही तेच घडतं. १९७५ साली टोरांटोत हार्वी मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना झोपू दिलं, पण गाढ झोपेची पातळी आली की आवाज करून ती मोडली. काही रात्रींतच त्यांचे स्नायू दुखरे झाले आणि अंग आंबून गेलं. म्हणजे ज्याची रात्र गेली, त्याचा दुसरा दिवस जास्त दुखरा उगवतो, आणि त्या दिवसाची रात्र पुन्हा जाते.

मग ताण. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये दाखवलं होतं, की थंडी, इजा, विषारी द्रव्य अशा अगदी वेगवेगळ्या त्रासांना उंदरांचं शरीर एकाच ठरावीक पद्धतीने तोंड देतं. संकट आलं की अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात. हृदयाची गती, रक्तदाब, रक्तातली साखर वाढते. संकट टळलं की हे खाली यायला हवं. मुरलेल्या दुखण्यात, किंवा कर्जाच्या, नोकरीच्या, घरातल्या आजारपणाच्या काळजीत ते पुरतं खाली येतच नाही. या साचत जाणाऱ्या झिजेला ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ साली ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, वारंवार होणारे संसर्ग, विसराळूपणा असे एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे त्रास या एका ओझ्याखाली एकत्र येऊ शकतात.

ताणाचा परिणाम किती शारीरिक असतो हे जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या १९९५ सालच्या प्रयोगात दिसतं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेवढ्याच स्त्रिया, अशा दोन्ही गटांतल्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करण्यात आली. सेवेचा भार असलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारी सून किंवा बायको स्वतः धडधाकट दिसते. तिच्या शरीरावर मात्र त्या आजाराचा हिशेब वेगळा लिहिला जात असतो.

आणि भीती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वाकताना एकदा कळ आली की वाकणंच सोडून देतो. मग पिशवी उचलणं बंद, जिना बंद, फिरणं बंद, देवळात जाणं बंद. न वापरलेले स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, वजन वाढतं, आणि पुढच्या वेळी खरोखरच थोडंसं काम जास्त दुखतं. ‘बघा, म्हणून मी म्हणत होतो,’ असं म्हणून हालचाल आणखी आवळली जाते. या चक्राचा अभ्यास करणाऱ्या योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांना असं आढळलं, की माणूस किती अपंग होणार हे पुष्कळदा वेदनेच्या तीव्रतेपेक्षा या भीतीवर जास्त अवलंबून असतं. इथून उदासी फार लांब नसते. दुखण्याने नैराश्य येतं आणि नैराश्याने दुखणं तीव्र होतं.

मोजायचं काय?

दवाखान्यात विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? ताज्या दुखापतीला हा प्रश्न चालतो. मुरलेल्या दुखण्यात रोजचा आकडा सहा असला, तरी एक माणूस नोकरी करून संध्याकाळी नातवंडांना बागेत नेतो आणि दुसरा खोलीतून बाहेर पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात जीवनमानाची एक प्रश्नावली तयार केली, आणि ती घडवणाऱ्या केंद्रांत दिल्ली आणि चेन्नईही होती. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत. वेदनेबद्दल त्यात विचारलेलं आहेच. शिवाय झोप कशी लागते, आयुष्यात आनंद किती वाटतो, गरजेपुरते पैसे आहेत का, मित्रांचा आधार मिळतो का, जाण्यायेण्याची सोय कशी आहे, हेही विचारलेलं आहे. दुखण्याने नेमकं काय हिरावलं, ते अशा प्रश्नांतून कळतं.

आपल्या समाजात हे प्रश्न बायकांना तर कुणी विचारतच नाही. पाणी वाहणं, खुरपणी, ऊसतोडणी, दिवसभर वाकून केलेली घरकामं या सगळ्यांचं दुखणं ‘अंगावर काढलं’ जातं. तोंड उघडलं तर ‘बाऊ करते’ हे ठरलेलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या दुखण्याची कायद्यातही पंचाईत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता नोंदवलेली आहे. दीर्घकालीन वेदनेचं त्यात वेगळं नाव नाही. कुबडी नसलेल्या माणसाला बसमध्ये जागा मागणं जड जातं, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसतं.

दुखत असतानाच

पाठ धरली की अंथरुणावर पडून राहा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. १९८६ साली रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस, दुसऱ्याला सात दिवस पडून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र बरेच कमी झाले. आज बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं साध्या पाठदुखीत शक्य तेवढं हिंडतं-फिरतं राहायला सांगतात.

मुरलेल्या दुखण्यात हालचाल वाढवण्याचीही एक रीत आहे. बरं वाटलं त्या दिवशी घर धुऊन काढायचं आणि मग चार दिवस आडवं व्हायचं, हे बहुतेकांचं होतं. बोनिकांचे सिॲटलचे सहकारी विल्बर्ट फोर्डाइस यांनी यावर सोपी शिस्त सांगितली: किती करायचं ते दुखण्यावर सोडू नका, आधी ठरवा. दहा मिनिटं चालायचं ठरलं तर बरं वाटत असलं तरी दहाच, आणि दुखत असलं तरी झेपेल तसं दहा. आठवड्याने बारा. यातून वेदनेच्या यंत्रणेला हळूहळू कळत जातं की हालचाल म्हणजे इजा नव्हे. चालणं, पोहणं, योगासनं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, यांपैकी जे माणूस सातत्याने करेल ते त्याच्यासाठी उत्तम.

गोळ्यांचं स्थान आहे, पण मर्यादित. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर जठराला व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडाला इजा पोचू शकते. उतारवयात, रक्तदाब आणि मधुमेहात हा धोका वाढतो. मज्जातंतूंच्या वेदनेवर या गोळ्या फारशा चालत नाहीत. तिथे डॉक्टर कधी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन देतात. ‘हे तर डिप्रेशनचं औषध’ म्हणून घरचे ते बंद करतात; प्रत्यक्षात ते मेंदूकडून येणारे वेदना दाबणारे संदेश बळकट करतं. कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट वेगळी, तिथे मॉर्फिन लागतं आणि ते मिळायलाच हवं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या जाचक अटींमुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली.

वर्तनोपचार, श्वसनाचे व्यायाम, झोपेची शिस्त यांनी वेदना नाहीशी होत नाही, पण भीती आणि ताण उतरतात, आणि त्यासोबत वेदनेची धारही बोथट होते. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला खोटं ठरवलं, असं समजू नये. बोनिकांच्या टेबलाभोवती तो पहिल्यापासून बसलेला होता.

घरच्यांच्या हातातही बरंच असतं. ‘तू बस, मी करते’ ही माया ताज्या दुखापतीत औषधासारखी लागू पडते. वर्षभर चालली तर माणसाला निकामी करते. ‘काही होत नाही, उठ’ हा धाकही कामाचा नाही. दुखणं खरं आहे हे मानायचं आणि तरी रोजच्या कामातला एक वाटा त्याच्याकडेच ठेवायचा, भाजी निवडणं असो की दुकानाचा हिशेब. कामाच्या ठिकाणी हेच दर तासाला उठून फिरण्याची मुभा, उंच स्टूल, वजनाऐवजी दुसरं काम अशा रूपात होऊ शकतं.

बहुतेक जण दुखणं थांबण्याची वाट पाहत बाकीचं सगळं पुढे ढकलतात: थांबलं की फिरायला जाऊ, थांबलं की मैत्रिणीकडे जाऊ. मुरलेल्या दुखण्यात हा क्रम उलटवावा लागतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एमआरआयच्या पाकिटाबरोबर एक कागदही न्यावा. त्यावर किती तास झोप लागते, घरातली काळजी कोणती, स्वतःच्या मनाने कोणत्या गोळ्या घेतो आणि दुखण्यामुळे काय काय करायचं सोडलं, हे लिहिलेलं असावं. सोडलेल्या गोष्टींपैकी एक निवडून ती दहा मिनिटांपुरती पुन्हा सुरू करणं, इथून उपचार सुरू होतो. दुखणं कमी होतं ते पुष्कळदा त्यानंतर, सावकाश.